शहराचा कारभारी देशाचा उमेदवार झाला की : माजी महापौराची कारकीर्द तपासायची कशी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी एखाद्या मोठ्या शहराचा माजी महापौर उभा राहिला की प्रचाराचा सूर ठरलेला असतो: शहर सावरून दाखवलं, आता देश सावरू. यातला दुसरा भाग भविष्याचा आहे, त्याबद्दल कोणालाच खात्री देता येत नाही. पहिला भाग मात्र तपासता येतो. अर्थसंकल्प, लेखापरीक्षणं, पोलिसांचे आकडे, न्यायालयांचे निकाल, शहर परिषदेतली (निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभेतली) मतदानं असं सगळं उपलब्ध आहे, आणि बरंचसं घरबसल्या वाचता येतं. नवख्या वाचकाची चूक होते ती क्रमात. तो आधी आकडा पाहतो आणि मग श्रेय देतो. आधी अधिकार पाहायचा, आकडा त्यानंतर.

उदाहरणं मुख्यतः न्यूयॉर्कची घेतली आहेत. तिथले रुडी जुलियानी (महापौर १९९४ ते २००१) २००८ च्या शर्यतीत होते आणि मायकेल ब्लूमबर्ग (२००२ ते २०१३) २०२० च्या. दोघांच्या कारकिर्दीची कागदपत्रं भरपूर आहेत.

पायरी १ : खुर्चीला अधिकार किती होते?

महापौर म्हटल्यावर सगळीकडे एकच पद डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेतच त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. न्यूयॉर्क किंवा ह्यूस्टनमध्ये महापौर हा खरा प्रशासक असतो. खातेप्रमुख तो नेमतो, तोच काढतो, अर्थसंकल्प तोच मांडतो. सॅन अँटोनियो, डॅलस, फीनिक्स इथे परिषद एक पगारी नगर व्यवस्थापक नेमते आणि रोजचा कारभार त्याच्या हातात असतो. महापौर परिषदेचा अध्यक्ष, शहराचा चेहरा आणि एक मत, एवढंच. २०२० चे उमेदवार हुलियन कॅस्ट्रो २००९ ते २०१४ सॅन अँटोनियोचे महापौर होते. त्या काळात या पदाचं मानधन प्रत्येक बैठकीला २० डॉलर आणि वर्षाला वर ३,००० डॉलर इतकंच होतं. अशा उमेदवाराला 'तुम्ही शहर कसं चालवलं' हा प्रश्न लागूच पडत नाही. परिषदेत बहुमत कसं जमवलं, कोणता प्रस्ताव जनमतातून मंजूर करून घेतला, हे त्याला विचारायचं.

प्रशासक महापौराच्या हाताबाहेरही बरंच काही असतं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे शहराच्या नव्हे, राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे. मालमत्ता कराचा दर शहर ठरवू शकतं, पण आयकर किंवा विक्रीकर वाढवायचा तर राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला जाऊन परवानगी मागावी लागते. लॉस एंजेलिसमध्ये सार्वजनिक आरोग्य आणि समाजकल्याण काउंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे) आहे, शाळांचं मंडळ वेगळं निवडून येतं.

शहराची सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, उघडा, अधिकारांचं प्रकरण वाचा आणि एका कागदावर तीन रकाने आखा: महापौराचं, वाटून घेतलेलं, दुसऱ्याचं. उमेदवाराचा प्रत्येक दावा आधी यातल्या एका रकान्यात टाका. 'दुसऱ्याचं' या रकान्यात पडलेल्या दाव्यावर पुढे वेळ घालवू नका.

अधिकार मधल्या काळात बदलले होते का, हेही पाहा. न्यूयॉर्कच्या शाळांचा ताबा महापौराकडे आला तो २००२ च्या राज्य कायद्याने. त्याआधी सात जणांच्या शिक्षण मंडळात महापौराचे दोनच सदस्य असत. म्हणून शाळांच्या बाबतीत जुलियानी आणि ब्लूमबर्ग यांना एकाच फूटपट्टीने मोजणं अन्याय आहे, आणि हा अन्याय दोन्ही बाजूंचे समर्थक सर्रास करतात.

पायरी २ : दावा एका वाक्यात, तारखेसह लिहा

'शहर सुरक्षित केलं' हा दावा तपासता येत नाही. '१९९३ ते २००१ या काळात खून इतक्यांनी कमी झाले' हा येतो. भाषणातलं वाक्य कितीही मोघम असलं तरी त्याला सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष आणि एकक चिकटवा. उमेदवार सुरुवातीचं वर्ष कोणतं निवडतो याकडे बारीक लक्ष ठेवा. सगळ्यात वाईट वर्षापासून मोजलं की कोणाचाही आलेख देखणा दिसतो. एका उमेदवाराचे तीनच दावे घ्या, पण ते शेवटपर्यंत न्या.

पायरी ३ : गुन्ह्यांचे आकडे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून इथे थांबून सावकाश पाहू.

सुरुवात खुनांपासून करा. चोरीची नोंद टाळता येते किंवा हलकी करता येते. न्यूयॉर्क राज्यात १,००० डॉलरहून जास्त किमतीची चोरी मोठ्या गुन्ह्यांत मोजली जाते, त्याखालची नाही. वस्तूची किंमत ९५० डॉलर लिहिली की गुन्हा ठळक आकड्यातून गायब. मृतदेहाच्या बाबतीत हे जमत नाही.

आता आकडे मांडा. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले. १९९३ मध्ये, म्हणजे जुलियानी यायच्या आधीच्या शेवटच्या वर्षी, १,९४६. २००१ मध्ये ६४९ (११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले बळी यात धरलेले नाहीत). ही घट प्रचंड आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण श्रेय वाटताना चार प्रश्न विचारावे लागतात.

कल आधीच सुरू झाला होता का? हो. १९९० ते १९९३ मध्ये, डेव्हिड डिंकिन्स महापौर असताना, खून साधारण १३ टक्के घटले होते.

आधीच्याने पेरलेलं कोणी कापलं? १९९१ मध्ये डिंकिन्स यांच्या आग्रहाने राज्य विधिमंडळाने पोलीसभरतीची योजना मंजूर केली आणि त्यासाठी खास कर लावला. भरती, प्रशिक्षण, नेमणूक यात वर्षं जातात. त्यातले बरेच पोलीस रस्त्यावर उतरले तेव्हा महापौर बदललेला होता.

बाकीच्या देशात काय झालं? लाख लोकसंख्येमागे खुनांचं प्रमाण काढा, नुसता आकडा वापरू नका, कारण शहराची लोकसंख्याही याच काळात ७३ लाखांवरून ८० लाखांवर गेली. न्यूयॉर्कचा दर १९९० मध्ये सुमारे ३१ होता, २००१ मध्ये सुमारे ८. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश घट. त्याच काळात देशाचा दर ९.४ वरून ५.६ वर आला, साधारण ४० टक्के घट. देशभर वाहणारा वारा शहरालाही लागला होता, पण शहराची घट देशापेक्षा ठळकपणे जास्त होती. या जादा घटीत शहराच्या पोलिसांचा हात आहे असं म्हणायला जागा आहे. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी कॉम्पस्टॅट बैठकी सुरू केल्या. दर आठवड्याला नकाशावर गुन्हे मांडून ठाणेप्रमुखांना उभं करून जाब विचारायचा, अशी ती पद्धत. ती इतर शहरांनीही उचलली. इथेच आणखी एक नोंद करून ठेवा: महापौरांशी खटके उडून ब्रॅटन १९९६ मध्ये बाहेर पडले.

चौथा प्रश्न असा की उपाय काढून घेतल्यावर काय झालं? ब्लूमबर्ग यांची कारकीर्द तपासताना हाच प्रश्न कामाला येतो. त्यांच्या पोलिसांची स्टॉप अँड फ्रिस्क पद्धत, म्हणजे संशयावरून रस्त्यात अडवायचं आणि अंग चाचपायचं, २०११ मध्ये शिखरावर पोचली. त्या एका वर्षात ६,८५,७२४ वेळा लोकांना अडवलं गेलं. यामुळेच खून कमी झाले, असा दावा वर्षानुवर्षं होत राहिला. मग अडवण्याची संख्या झपाट्याने उतरली. ऑगस्ट २०१३ मध्ये संघराज्य न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये आकडा ५० हजारांच्या खाली आला. दावा खरा असता तर खून वाढायला हवे होते. २०११ मध्ये ५१५ च्या आसपास असलेले खून २०१४ मध्ये सुमारे ३३० झाले आणि २०१७ मध्ये ३०० च्याही खाली गेले. २०२० मध्ये ते पुन्हा वाढले, पण त्या वर्षी देशभरच वाढले. घसरणीचं श्रेय देताना देशाचा कल वजा करायचा असेल, तर वाढीचा दोष देतानाही करायचा.

त्या निकालपत्रातले आकडे स्वतः वाचण्यासारखे आहेत. जानेवारी २००४ ते जून २०१२ मध्ये ४४ लाख वेळा लोकांना अडवलं. त्यातल्या ५२ टक्के वेळा अंग चाचपलं, म्हणजे साधारण २३ लाख झडत्या. शस्त्र सापडलं फक्त दीड टक्के झडत्यांत: ६६-६७ जणांना चाचपावं तेव्हा एकाकडे. ८८ टक्के वेळा पुढे ना अटक झाली ना समन्स. अडवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. फायद्याच्या आकड्याशेजारी हा किमतीचा आकडा लिहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं समजू नका. ज्यांना विनाकारण भिंतीकडे तोंड करून उभं केलं गेलं तीही त्याच शहराची माणसं होती, आणि देशाच्या उमेदवाराने त्यांच्याकडे कसं पाहिलं हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे.

पायरी ४ : पैसा

'मी दर वर्षी अर्थसंकल्पाचा ताळमेळ बसवला' हे न्यूयॉर्कच्या माजी महापौराकडून ऐकलं तर ते खोडून टाका. १९७५ च्या आर्थिक संकटानंतर राज्याच्या कायद्याने तिथे ताळमेळ सक्तीचा आहे. कायद्याने करावंच लागतं त्याचं श्रेय मागता येत नाही. तो ताळमेळ कशातून बसवला, हे बघायचं. यासाठी तीन आकडे काढा: पुढच्या तीन वर्षांची अंदाजित तूट, थकीत कर्ज, आणि एकदाच हाती येणारा पैसा, उदाहरणार्थ मालमत्ता विकून आलेला.

हे आकडे महापौराच्या कार्यालयाच्या पुस्तिकेतून घेऊ नका. न्यूयॉर्कचा कंट्रोलर, म्हणजे शहराचा हिशेब तपासणारा अधिकारी, स्वतंत्रपणे निवडून येतो आणि त्याचा वार्षिक वित्तीय अहवाल निघतो. शिवाय शहराच्या अर्थसंकल्पाची स्वतंत्रपणे छाननी करणारं इंडिपेंडंट बजेट ऑफिस आहे. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. महापौर १ जानेवारीला बदलतो, म्हणजे पहिले सहा महिने तो आधीच्याचा अर्थसंकल्प खर्च करत असतो. वर्षं जुळवताना नवखे इथे हमखास चुकतात.

जाताना काय मागे ठेवलं, तेही पाहा. ब्लूमबर्ग आले तेव्हा अब्जावधी डॉलरची तूट समोर होती. त्यातली काही ११ सप्टेंबरच्या धक्क्याची, काही आधीपासून साचलेली. त्यांनी २००२ अखेरीस मालमत्ता कर १८.५ टक्क्यांनी वाढवला. लोकप्रियता घसरली. न आवडणारा निर्णय पहिल्याच वर्षी, स्वतःच्या नावावर घेणं ही कारभाराची एक खरी कसोटी असते. त्यात ते उतरले, असं म्हणायला हरकत नाही.

पायरी ५ : मोजपट्टी मध्येच बदलली का?

शाळांचे निकाल वाचताना हे आधी विचारा. २००९ मध्ये न्यूयॉर्क शहरातली ८२ टक्के मुलं गणितात 'प्रवीण' ठरली. २०१० मध्ये ५४ टक्के. मुलं एका वर्षात विसरली नव्हती, राज्याने उत्तीर्णतेची रेषा वर नेली होती. इंग्रजीतही ६९ वरून ४२ झाले. रेषा खाली असताना मिरवलेली प्रगती किती खरी होती, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. राज्याच्या परीक्षेशेजारी राष्ट्रीय पातळीवरची चाचणी ठेवा. ती मोठ्या शहरांचे निकाल वेगळे देते आणि तिची मोजपट्टी कोणा महापौराच्या किंवा राज्याच्या हातात नसते. प्रगती दोन्हीकडे दिसली तरच ती धरा.

पायरी ६ : माणसं आणि कंत्राटं

राष्ट्राध्यक्षाला हजारो नेमणुका कराव्या लागतात, म्हणून ही पायरी देशपातळीवर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. वरच्या दहा नेमणुकांची यादी करा: कोणाला आणलं, किती वर्षं टिकले, का गेले, पुढे काय झालं. जुलियानी यांच्या यादीत ब्रॅटन आहेत, तसे बर्नार्ड केरिकही आहेत. केरिक २००० मध्ये पोलीस आयुक्त झाले. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं नाव देशाच्या अंतर्गत सुरक्षा मंत्रिपदासाठी पुढे आलं आणि आठवड्याभरात मागे घ्यावं लागलं. २००९ मध्ये त्यांनी संघराज्य न्यायालयात गुन्हे कबूल केले (२०२० मध्ये त्यांना माफी मिळाली). कर्तबगार माणसाशी पटलं नाही आणि मर्जीतला माणूस वर चढला, असं एकदा दिसलं तर सोडून द्या. तीनदा दिसलं तर ती सवय आहे.

कंत्राटांत एकच मोठं घ्या आणि शेवटपर्यंत जा. कर्मचाऱ्यांच्या हजेरी-पगाराची सिटीटाइम ही संगणक प्रणाली न्यूयॉर्कने १९९८ मध्ये हाती घेतली, तेव्हा अंदाज सुमारे ६.३ कोटी डॉलरचा होता. तो खर्च ६० कोटींच्या पुढे गेला, फसवणूक उघडकीस आली, आणि २०१२ मध्ये मुख्य ठेकेदाराने ५० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. काम एका महापौराच्या काळात सुरू झालं आणि फुगलं दुसऱ्याच्या. अशा वेळी दोष अर्धा-अर्धा वाटून मोकळं होऊ नका. धोक्याचा इशारा पहिल्यांदा कोणत्या तारखेला लेखी आला आणि त्यानंतर पैसे किती काळ जात राहिले, हे शोधा. जबाबदारी त्या तारखेपासून मोजायची.

पायरी ७ : संकटाचा दिवस आणि त्याआधीची वर्षं

११ सप्टेंबर २००१ ला जुलियानी रस्त्यावर होते, लोकांशी सतत बोलत होते, आणि भेदरलेल्या शहराला त्याचा आधार वाटला. हे खरं आहे आणि ते मोजलं पाहिजे. पण संकटातला नेता तपासताना दोन पानं करा: त्या दिवसाचं एक, आधीच्या तयारीचं दुसरं. १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरवर बॉम्बहल्ला होऊन गेला होता. तरी शहराचं आणीबाणी नियंत्रण केंद्र १९९९ मध्ये त्याच संकुलातल्या ७ क्रमांकाच्या इमारतीत, २३ व्या मजल्यावर उघडलं. गरज पडली त्याच सकाळी ते रिकामं करावं लागलं आणि संध्याकाळी इमारत कोसळली. अग्निशमन दलाच्या वायरलेसच्या अडचणी १९९३ मध्येच दिसल्या होत्या, त्या २००१ मध्येही सुटलेल्या नव्हत्या. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. त्या दिवसाचं पान टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसरं मात्र चौकशी आयोगाच्या अहवालात शोधावं लागतं.

पायरी ८ : नियम आड आला तेव्हा

दोन कारकिर्दींची मर्यादा न्यूयॉर्कच्या मतदारांनी १९९३ आणि १९९६ असा दोनदा कौल देऊन घातली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्लूमबर्ग यांनी जनमत न घेता शहर परिषदेकडून ती तीनवर नेली, २९ विरुद्ध २२ मतांनी. जुलियानी यांनीही २००१ मध्ये हल्ल्यानंतर तीन महिन्यांची मुदतवाढ मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला. ब्लूमबर्ग यांनी केलं ते कायद्यात बसणारं होतं, पण देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभ्या असलेल्या माणसाचं मूल्यमापन करताना हे वगळणं मोठी चूक ठरेल.

पायरी ९ : जुनी कृती, नवी भाषा

शहराचा मतदार आणि पक्षाच्या प्राथमिक फेरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा) मतदार वेगळे असतात, म्हणून उमेदवाराची भाषा बदलते. जुलियानी यांच्या प्रशासनाने १९९६ मध्ये स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या शहराच्या नियमासाठी केंद्र सरकारला न्यायालयात खेचलं, २००० मध्ये बंदूक उत्पादकांवर दावा लावला. २००७ मध्ये रिपब्लिकन मतदारांसमोर हीच कामं अडचणीची झाली. ब्लूमबर्ग यांनी स्टॉप अँड फ्रिस्कचं वर्षानुवर्षं समर्थन केलं आणि १७ नोव्हेंबर २०१९ ला माफी मागितली. उमेदवारी जाहीर केली २४ नोव्हेंबरला. मत बदलणं हा गुन्हा नाही. पण बदलाची तारीख आणि उमेदवारीची तारीख शेजारी लिहा, आणि मधल्या काळात नवीन कोणती माहिती समोर आली ते शोधा. काहीच सापडलं नाही, तर बदलाचं कारण निवडणूक हेच धरावं लागतं.

एका गोष्टीला मात्र फार वजन देऊ नका: महापौरपदावरून थेट राष्ट्राध्यक्ष कोणीच झालेलं नाही, ही सतत सांगितली जाणारी गोष्ट. खरी आहे ती. ग्रोव्हर क्लीव्हलंड १८८२ मध्ये बफेलोचे महापौर होते, पण मधे गव्हर्नर झाले. जुलियानी फ्लोरिडाच्या प्राथमिक फेरीत तिसरे आले आणि थांबले. ब्लूमबर्ग प्रचंड खर्च करून फक्त अमेरिकन सामोआ हा पॅसिफिकमधला छोटासा अमेरिकी प्रदेश जिंकू शकले. यातून मतदार कसे वागतात ते कळतं, कारभार कसा होता ते कळत नाही.

पायरी १० : कागदावर नसलेलं

परराष्ट्र धोरण, सैन्य, सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुका यांची कोणत्याच शहराच्या दप्तरात नोंद नसते. तिथे रकाना कोरा ठेवा, प्रचाराच्या मजकुराने भरू नका. विधिमंडळाशी वागणं मात्र अंशतः तपासता येतं. न्यूयॉर्कच्या परिषदेत ५१ सदस्य आहेत, आणि महसुलाचा अंदाज ठरवण्याचा अधिकार एकट्या महापौराचा. तिथे महापौराचा हात बराच वर असतो. राष्ट्राध्यक्षाला सिनेटमध्ये बहुतेक कायद्यांसाठी १०० पैकी ६० मतं जमवावी लागतात. शहरात चाललेली हुकमत तिथे चालत नाही.

जाहीर सभेत किंवा पत्राने प्रश्न विचारायची संधी मिळाली तर अधिकाराच्या मर्यादेवरचा प्रश्न विचारा. १९९८ मध्ये न्यूयॉर्क शहराने, म्हणजे जुलियानी यांच्याच प्रशासनाने, राष्ट्राध्यक्षाला खर्चाची एकेक बाब खोडण्याचा अधिकार देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द करून घेतला. महापौराच्या खुर्चीतून राष्ट्राध्यक्षाचा जो अधिकार त्यांना खुपला, तो स्वतः त्या पदावर बसल्यावर हवासा वाटेल का, असं जुलियानींना थेट विचारता आलं असतं. तुमच्यासमोरच्या उमेदवाराच्या दप्तरातही असा एखादा खटला असतो. तो शोधा आणि प्रश्नात खटल्याचं नाव, वर्ष आणि निकाल घाला, म्हणजे मोघम उत्तर देऊन सुटता येणार नाही.